मढपर्यंत न पोचलेली यादी

गुरुवार होता, सकाळचे सव्वादहा. घाटकोपरच्या ऑफिसात मी नुकतीच खुर्चीत बसले होते, तेवढ्यात मढच्या आंटींचा फोन आला.

मढच्या एका छोट्या हॉस्पिटलात आमच्या रक्तपेढीचं साठवण केंद्र आहे. केंद्र म्हणजे एक खोली, एक फ्रिज, एक कॉम्प्युटर आणि पन्नाशी ओलांडलेल्या टेक्निशियन आंटी. त्या मढ गावातल्याच. एरवी त्यांचा फोन आला की आधी तब्येतीची चौकशी, घरच्या कोंबड्यांची खबर, मग काम. त्या दिवशी त्या थेट म्हणाल्या, "मॅडम, बोरीवलीला ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या आहेत ना?"

मी स्क्रीनवर बघितलं. बोरीवलीपुढे शून्य होतं.

"नाहीत आंटी. काल संध्याकाळीच गेल्या त्या."

"माझ्याकडे दोन दाखवतंय."

"रिफ्रेश करून बघा."

"दहा वेळा केलं. दोनच दाखवतंय." त्यांचा आवाज खाली गेला. "बाय, मी पेशंटचा नवरा पाठवलाय बोरीवलीला. बाइकवर. आइसबॉक्स देऊन. त्याला निघून पाऊण तास झाला."

पहाटे बाळंत झालेली एक बाई होती. बाळ ठीक होतं, पण तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. मढच्या फ्रिजमध्ये ओ निगेटिव्हची एकच पिशवी होती, ती तिला लावून झाली होती. नवऱ्याने बोरीवलीत पोचून काउंटरवर चिठ्ठी दिली, तेव्हा तिथल्या माणसाने हात वर केले. मग त्याने आंटींना फोन केला आणि आंटींनी मला.

माझं काम रक्तपेढीचा डेटाबेस सांभाळण्याचं. कुठल्या केंद्रात कुठल्या गटाच्या किती पिशव्या आहेत, कोणी रक्त दिलं, त्याच्या तपासण्यांत काय निघालं, हे सगळं घाटकोपरच्या सर्व्हरवर असतं आणि तिथून बोरीवली, मुलुंड, अंधेरी आणि मढला जातं. तीन आठवड्यांपूर्वी एका रविवारी मी या सगळ्या कनेक्शनना एनक्रिप्शन चालू केलं होतं. म्हणजे सर्व्हर आणि केंद्र यांच्यामध्ये जे काही जातं ते कुलूपबंद, वाटेत कोणी बघितलं तरी नुसता गोंधळ दिसेल. दोन वर्षं त्यासाठी मीच सगळ्यांच्या मागे लागले होते. त्या रविवारी सगळ्या केंद्रांना फोन करून विचारलं, चालतंय का? आंटी म्हणाल्या, चालतंय. एखादी पिशवी शोधणं, एखादी नोंद करणं चालतच होतं. मोठी यादी पूर्ण उतरते का, हे मी मढला बघितलंच नाही. अंधेरीला बघितलं, झकास उतरली. मी मढपुढेही बरोबरची खूण केली.

आमच्या फ्रिजमध्ये ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या होत्या. अंधेरीला एकही नव्हती. मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. तो माझ्याहून चार वर्षांनी लहान, आमचं अरेतुरेच चालतं.

"गाडी कुठेय?"

"मुलुंडला. शिबिर आहे ना तिकडे. का गं?"

सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला. "गाडी यायला तास जाईल. मग इथून मढ रस्त्याने... वाट लागली यार."

"मेट्रोने वर्सोवा, तिथून फेरी. मी जाते. मशीनही बघायला हवंय मला."

मढच्या डॉक्टरांनी तातडीचं पत्र मोबाइलवर पाठवलं. खालच्या मजल्यावरच्या टेक्निशियनने गट पुन्हा तपासला, नोंदी केल्या, दोन्ही पिशव्या आइसबॉक्समध्ये ठेवल्या. या सगळ्याला अकरा मिनिटं लागली. मी घड्याळाकडे बघत उभी होते आणि माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता: तो माणूस थेट घाटकोपरला आला असता किंवा मी साडेनऊलाच निघाले असते, तर आत्ता पिशवी कुठे असती?

मेट्रोच्या तपासणीला बॉक्स अडला. पट्ट्यामागे बसलेल्या पोलीसबाईने विचारलं, "काय आहे आत?" मी म्हटलं, रक्त. तिने वर बघितलं. मी पत्र दाखवलं, ओळखपत्र दाखवलं. तिने तिच्या साहेबांना बोलावलं. साहेब हळूहळू आले, पत्र वाचलं, पुन्हा वाचलं. माझ्या मागच्या रांगेतला एकजण ओरडला, "अहो, सोडा ना त्यांना!" साहेबांनी मान हलवली आणि मी जिना धावत चढले.

गाडीत बसल्यावर लॅपटॉप उघडला. आइसबॉक्स दोन पायांच्या मध्ये. मोबाइलच्या नेटवरून ऑफिसच्या सर्व्हरवर शिरले आणि मढच्या कनेक्शनचा इतिहास काढला. काल दुपारपासून यादी उतरायला सुरुवात होत होती, सत्तर-बहात्तर टक्क्यांवर ठरवून दिलेली वेळ संपत होती, कनेक्शन तुटत होतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. तीन आठवड्यांत हे कित्येकदा झालं होतं. लाइन मोकळी असेल तेव्हा कधीतरी यादी पूर्ण व्हायची, नाहीतर नाही. आणि उतरली नाही की मढच्या स्क्रीनवर आधीची यादी तशीच राहायची. ती केव्हाची आहे हे लिहायला तिथे जागाच नव्हती. ती स्क्रीनसुद्धा मीच बनवलेली.

असं का होतंय हे कळायला मला चकाला ते आझादनगर एवढा वेळ लागला. मढची लाइन बारीक. पूर्वी तिच्या दोन्ही टोकांना बसवलेली यंत्रं जाणारा मजकूर दाबून लहान करायची, त्यामुळे एवढी मोठी यादीही निभावून जायची. मी एनक्रिप्शन चालू केलं आणि त्या यंत्रांच्या हाती कुलूपबंद मजकूर यायला लागला. त्यात एकासारखं दुसरं काही नसतं, त्यामुळे तो दबत नाही. ट्रंकेला कुलूप लावल्यावर वर बसून आतली गोधडी दाबता येत नाही, तसंच. घडी आधी घालायला हवी. म्हणजे हे दाबणं, कॉम्प्रेशन, डेटाबेसनेच करायचं, कुलूप लावण्याआधी. हे मला पुस्तकातून पंधरा वर्षं माहीत होतं.

मॅनेजरचा फोन आला.

"पोचलीस?"

"अंधेरी गेलं. कारण सापडलंय."

"कारण नंतर. मढपुरतं एनक्रिप्शन बंद कर. तिथूनच कर, दोन मिनिटांचं काम आहे."

"नको."

"काय नको? तिथे बाई मरतेय."

"पिशवी माझ्या पायाशी आहे. एनक्रिप्शन बंद केल्याने ती लवकर पोचणार नाहीये. यादीचं मी बघते. आज दुपारपर्यंत वेळ दे."

"आणि दुपारपर्यंत दुसरा कोणी पेशंट आला तर?"

"तोवर आंटी फोनवर विचारतील. मी सांगितलंय त्यांना, स्क्रीनवर विश्वास ठेवू नका."

तो म्हणाला, "तुझी जबाबदारी." आणि फोन ठेवला.

माझा हट्ट कुठून आला होता हे मी त्याला कधी सांगितलं नाही. मी अकरा वर्षांची असताना आम्ही घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत राहायचो. जयंतीच्या रक्तदान शिबिरात माझ्या काकाने रक्त दिलं. वस्तीतल्या पहिल्या पाचांत नाव आलं म्हणून तो खूश होता. महिन्याभराने तपासणीचे कागद आले. ते बंद पाकिटात यायला हवे होते, पण यादीच्या यादी मंडळाच्या टेबलावर उघडी पडली होती, आणि कोणीतरी ती वाचली. काकाच्या नावापुढे एक शब्द होता, एका आजाराचं नाव. आठवड्याच्या आत आमच्याकडे पाणी प्यायला कोणी येईना. काका एका कँटीनमध्ये कामाला होता, तिथून त्याला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. दुसऱ्या तपासणीत काहीच निघालं नाही, पहिला निकाल चुकीचा होता. पण पहिली बातमी जशी घरोघर गेली तशी दुसरी गेली नाही. काका बायको-मुलांना घेऊन गावी परभणीला गेला, तो परत मुंबईत राहायला आला नाही.

आमच्या यादीत तसेच शब्द नावांपुढे असतात. ते उघड्यावरून पाठवणं मला जमणार नव्हतं.

वर्सोव्याला उतरले, रिक्षा केली, जेट्टीवर आले. फेरी समोरच्या काठाला होती. ती यायची वाट बघत मी बॉक्सचं झाकण दाबून धरून उभी राहिले, जशी काही ते उघडणारच होतं. बोटीवर चार बाइक चढल्या, मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन तीन बायका चढल्या. खाडी ओलांडायला पाच मिनिटंही लागत नाहीत. त्या पाच मिनिटांत मी दोनदा वेळ बघितली. साडेअकरा होऊन गेले होते.

आंटी हॉस्पिटलच्या दारातच उभ्या होत्या. माझ्याकडे न बघता त्यांनी बॉक्स घेतला आणि आत गेल्या. मीही मागे गेले आणि त्यांच्या खोलीच्या दाराशी थांबले. पिशवीवरचा नंबर त्या मोठ्याने वाचत होत्या, नर्स सोबतच्या नोंदीवरचा नंबर वाचत होती. मग पिशवी घेऊन नर्स पळाली. मला उगाच वाटलं होतं की कोणीतरी काहीतरी बोलेल.

मी कॉम्प्युटरसमोर बसले. पलीकडच्या खोलीतून डॉक्टरांचा आवाज येत होता, शांत, एकसारखा. बाईचा आवाज मात्र येत नव्हता, आणि तेच जास्त वाईट वाटत होतं.

आधी सर्व्हरवर कॉम्प्रेशनला परवानगी दिली, फक्त मढच्या खात्याला. मग मढच्या मशीनवर डेटाबेसशी जोडणाऱ्या सेटिंगमध्ये कॉम्प्रेशन मागणारी ओळ घातली. दोन्ही बाजूंनी हो म्हटलं तरच हे चालतं. नव्याने जोडणी केली आणि यादी मागवली. चार टक्के. सहा टक्के. तीच गोगलगाय.

मी सर्व्हरला विचारलं, या कनेक्शनवर एनक्रिप्शन आहे? आहे. कॉम्प्रेशन? नाही.

ओळ पुन्हा तपासली. स्पेलिंग बरोबर होतं. मशीनवर काय काय बसवलंय ते एकेक बघत गेले. मग लक्षात आलं: मशीनवरचा ड्रायव्हर, म्हणजे डेटाबेसशी बोलणारा तो छोटा प्रोग्राम, जुना होता. त्याला एनक्रिप्शन कळत होतं, पण ही नवी ओळ कळत नव्हती. त्याने तक्रारही केली नाही. जे समजलं नाही ते सोडून दिलं आणि पुढे गेला. सर्व्हरला वाटलं समोरच्याला कॉम्प्रेशन नको आहे. दोघेही गप्प, आणि स्क्रीनवर सगळं ठीक.

नवा ड्रायव्हर माझ्या लॅपटॉपवर होता. पण तो टाकला की मशीन बंद करून चालू करावं लागणार होतं.

आंटी परत आल्या होत्या. ग्लोव्ह्ज काढत होत्या.

"आंटी, मशीन दहा मिनिटं बंद करावं लागेल."

"आता? आता नको."

"बंद केल्याशिवाय ते खरं सांगणार नाही."

"बाय, दुसरी पिशवी पण लागेल असं डॉक्टर म्हणतात. तिसरी लागली तर मी कुठे बघू? खोटं तर खोटं, काहीतरी दाखवतंय ना ते."

"खोटं दाखवतंय म्हणूनच तो माणूस बोरीवलीला गेला."

हे मी जरा जोरात बोलले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनाही वाटत असणार की आपण पाठवलं त्याला. मी खुर्चीवरून उठले.

"चूक माझी आहे, तुमची नाही. यादी इथपर्यंत पोचत नव्हती आणि ते मला तीन आठवडे कळलं नाही."

त्यांनी ग्लोव्ह्ज डब्यात टाकले. टेबलावरचं कॅलेंडर उलटं केलं, पेन घेतलं आणि म्हणाल्या, "सांग. कुठे काय आहे ते सांग."

मी घाटकोपरला फोन लावला, तिथल्या मुलीने एकेका केंद्राचा साठा वाचून दाखवला आणि आंटींनी तो कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतला. मुलुंडपुढे ओ निगेटिव्ह दोन लिहिल्यावर त्याखाली रेघ मारली. "आता कर बंद."

ड्रायव्हर टाकला. मशीन बंद केलं. ते जुनं मशीन वर यायला सहा मिनिटं लागली. पलीकडच्या खोलीत कोणीतरी "दुसरी लावा" म्हणालं. आंटी फ्रिज उघडून पिशवी घेऊन गेल्या.

जोडणी केली. आधी सर्व्हरला विचारलं. एनक्रिप्शन, आहे. कॉम्प्रेशन, आहे. यादी मागवली. दहा टक्के, पंचवीस, चाळीस. सत्तर, बहात्तर. ऐंशी. शंभर. बोरीवलीपुढे शून्य आलं.

आंटी मागे येऊन उभ्या राहिल्या. कॅलेंडर हातात धरून त्यांनी वरपासून खालपर्यंत एकेक आकडा जुळवला. मी सांगितलं म्हणून त्या आता विश्वास ठेवणार नव्हत्या, आणि ते बरोबरच होतं. सगळे आकडे जुळले तेव्हा त्या फक्त "हं" म्हणाल्या.

बोरीवलीतल्या दुसऱ्या पेढ्यांत विचारत फिरून एकच्या सुमाराला नवरा परत आला. तिशीचा असेल, सडपातळ, घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. कोणीतरी त्याला सांगितलं की या बाई घाटकोपरहून रक्त घेऊन आल्या. तो माझ्यासमोर आला आणि त्याने हात जोडले. मी पण हात जोडले.

दुसऱ्या पिशवीनंतर तिचा रक्तदाब थोडा सावरला आणि ॲम्ब्युलन्सने तिला अंधेरीच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. तिथे संध्याकाळी ऑपरेशन झालं. ती वाचली. गर्भाशय काढावं लागलं. मी मढच्या डॉक्टरांना नंतर विचारलं, रक्त तासभर आधी आलं असतं तर गर्भाशय वाचलं असतं का? ते चष्मा पुसत म्हणाले, "कदाचित. कदाचित नाही. मी तुम्हाला खोटं सांगू शकत नाही."

अहवाल मी स्वतः लिहिला. काय तपासलं नाही हे पहिल्याच परिच्छेदात लिहिलं. मॅनेजरने वाचून तो परिच्छेद थोडा खाली घेऊ या का विचारलं. मी नको म्हटलं, त्याने तसाच वर पाठवला. त्यानंतर प्रत्येक केंद्राच्या स्क्रीनवर यादी केव्हा आली ती वेळ मोठ्या अक्षरांत दिसते, आणि अर्ध्या तासाहून जुनी झाली की पूर्ण स्क्रीन लाल होते. कॉम्प्रेशन मी सरसकट चालू केलं नाही. दाबून कुलूपबंद केलेल्या मजकुराच्या आकारावरूनही कधीकधी आतलं काहीतरी ओळखता येतं, खास करून बाहेरच्या माणसाला त्यात आपले शब्द घुसवता आले तर. म्हणून ते फक्त साठ्याच्या यादीपुरतं ठेवलं, लॉगिन आणि तपासण्यांचे निकाल त्यातून वगळले. हे करताना कळलं की मढला दात्यांची नावं आणि निकाल कधी लागतच नव्हते. पिशवीचा नंबर आणि गट पुरत होता. ती नावं आणि ते निकाल त्या यादीतून मी काढून टाकले. हे मला दोन वर्षांपूर्वी सुचायला काही हरकत नव्हती.

महिन्याभराने तो नवरा घाटकोपरला आला. बायकोसाठी रक्त दिलं गेलं त्याच्या बदल्यात रक्त द्यायला. कोणी मागितलं नव्हतं, स्वतःहून आला होता. मला काउंटरवर बघून हसला. मी त्याला बाजूच्या बाकावर बसवलं आणि सांगितलं. बोरीवलीला पिशव्या नव्हत्या हे मढला का कळलं नाही, त्यात माझं काय चुकलं, सगळं. कॉम्प्रेशन वगैरे शब्द न वापरता.

तो जमिनीकडे बघत ऐकत होता. मग म्हणाला, "त्या दिवशी मी तुम्हाला हात जोडले."

"हो."

"तेव्हाच का नाय सांगितलं?"

"हिंमत झाली नाही."

त्याने ओठ दाबले. मला वाटलं आता उठून जाईल, आणि गेला असता तर मी त्याला थांबवलं नसतं. पण तो बसून राहिला. "आता बरोबर येतं मढला?"

"येतं."

"कोण बघतं?"

"मी. रोज सकाळी, आंटींशी फोनवर एकेक आकडा जुळवून."

"बघत राहा," तो म्हणाला. मग हातातला फॉर्म माझ्याकडे सरकवला. "हे इथे काय लिहायचं?"

पत्त्याच्या रकान्यावर त्याचं बोट होतं. मी सांगितलं, त्याने लिहिलं, आणि आत खुर्चीवर जाऊन बाही वर केली.